मागे घेतलेली प्रजाती

म्हात्रे बाई माणसांना त्यांच्या विषयाच्या नावाने हाक मारत. स्टाफरूमच्या दारात उभं राहून "मराठी आलं का?" किंवा "मॅथ्स आज परत रजेवर?" असं विचारत, आणि मराठी काय, मॅथ्स काय, मुकाट्याने उत्तर देत. मी रसायनशास्त्राचा, म्हणून मी कायमचा 'केमिस्ट्री'. माझ्या बायकोला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "केमिस्ट्रीला जेवताना वरून मीठ घ्यायची खोड आहे, तेवढी मोडा." त्या स्वतः जिऑलॉजी. रोह्याच्या आमच्या कॉलेजात जिऑलॉजी म्हणजे त्या, एक खोली, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि निवृत्ती नावाचा शिपाई. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. त्याची जाहिरात करायला त्याचं तोंड पुरेसं आहे.

बाई राहायच्या पेणला, भावाच्या घरी. खाडीकाठच्या एका गावातल्या मिठागरवाल्यांची मुलगी. मिठागरं बंद पडत गेली, भाऊ डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागला आणि बिऱ्हाड पेणमध्ये आलं. रोज सकाळच्या गाडीने त्या पेणहून रोह्याला येत. नागोठणं जाईपर्यंत गाडीत पेपर तपासायच्या आणि रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन आलं की पेनाला टोपण लावून पर्समध्ये टाकायच्या. वर्गात मराठी अशी बोलायच्या की पुण्याच्या माणसालाही खोट काढता येऊ नये. रागावल्या की मात्र खाडीची बोली बाहेर यायची. "नाय म्हंजे नाय" असं एकदा म्हणाल्या की प्राचार्यसुद्धा पावसापाण्याच्या गोष्टी काढत.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा आणि रुमाल यांच्या मध्ये एका मलमाची ट्यूब असायची. इकॉनॉमिक्सच्या बाईंनी एकदा ती क्रीम समजून हाताला चोळली आणि "याला वासच नाय गो" म्हणून तक्रार केली. ते मलम अ‍ॅसिडने भाजलं तर लावायचं होतं. बाई ज्या अ‍ॅसिडने दगड विरघळवत ते काचसुद्धा खातं, त्यामुळे त्यांची सगळी भांडी प्लास्टिकची. हाताला लागलं तर वरून काही दिसत नाही, ते आत हाडापर्यंत जातं. धूर बाहेर ओढणारं कपाट फक्त माझ्या प्रयोगशाळेत होतं, म्हणून हा उद्योग माझ्याकडे चालायचा आणि म्हणून मला हे सगळं माहीत.

दगड कच्छचा. आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा, त्यात समुद्राचं काही सापडायचं नाही. म्हणून बाई सुट्टीत पदरमोड करून कच्छला जायच्या आणि पोत्यात दगड भरून आणायच्या. निवृत्ती ते पोतं स्टेशनवरून आणताना म्हणायचा, "मॅडम, रोह्यात काय दगड कमी हायेत का?" मग ते दगड फोडायचे, अ‍ॅसिडात घालायचे, आठवडाभर धूत बसायचं. शेवटी चमचाभर काळपट गाळ उरायचा, आणि त्या गाळात बाईंचं जग होतं.

डायनोफ्लॅजेलेट नावाचा एक जीव समुद्रात तरंगत असतो, एका पेशीचा. त्यातल्या काही जाती वाईट दिवस आले की स्वतःभोवती टणक कवच करून तळाशी बसतात आणि दिवस पालटले की कवचाला एक झरोका पाडून निघून जातात. रिकामं कवच चिखलात राहतं, चिखलाचा दगड होतो, आणि लाखो वर्षांनी एखादी म्हात्रे बाई तो दगड विरघळवून कवच बाहेर काढते. कोणत्या जातीचं कवच आहे यावरून दगड कोणत्या काळातला ते सांगता येतं. तेल शोधणाऱ्यांना ते लागतं, म्हणून या विद्येला जगात थोडीफार किंमत आहे. रोह्यात नव्हती.

बाई मुलांना पहिल्या तासाला दगड दाखवत नसत. प्रत्येकाच्या हातावर एक चिंचोका ठेवायच्या आणि म्हणायच्या, "याचं वर्णन लिहा. ज्याने चिंचोका जन्मात पाहिला नाही, त्याने तुमचं वर्णन वाचून ढिगातून तो उचलला पाहिजे." एका मुलीने लिहिलं, चिंचोका सुंदर आणि चकचकीत असतो. बाईंनी 'सुंदर' वर काट मारली. "हे चिंचोक्याचं वर्णन नाही गो, तुझं आहे." आकार, माप, कडा, पृष्ठभाग, तोंड कुठे, एवढंच त्यांना चाले. ही खोड वर्गाबाहेरही सुटायची नाही. आधीच्या प्राचार्यांच्या निरोपसमारंभात त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं, तर त्या म्हणाल्या, "उंची मध्यम. पृष्ठभाग गुळगुळीत, अलंकरण नाही. तोंड मोठं, कायम उघडं." आम्ही खो खो हसलो आणि मग प्राचार्यांचं तोंड बघून गप्प झालो. बाईंना काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मते वर्णन बिनचूक होतं.

तर एका वर्षी त्या गाळात बाईंना असं कवच मिळालं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गोलसर, वर झरोका, आणि शिंगं नाहीत. त्या कुळातल्या सगळ्यांना शिंगं असतात. याला कुठेच टोक नव्हतं. बाईंनी एक नाही, चांगले ढिगाने नमुने जमवले, मापं घेतली, जगभरातल्या वर्णनांशी पडताळली. मी त्यांना तेवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. डब्यात बोंबलाची चटणी आणून सगळ्या स्टाफरूमला वाटली, आणि मराठीला म्हणाल्या, "खा. नवीन प्रजातीचा बोंबील आहे."

नाव द्यायचं ठरलं तेव्हा खरी गंमत सुरू झाली. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा या लोकांत शिरस्ता आहे. गावाचं, गुरूचं, आकाराचं, कशाचंही द्यावं. बाईंच्या मनात त्यांच्या खाडीचं नाव होतं. पण ही बातमी प्राचार्यांकडून अध्यक्षांकडे गेली. आमच्या संस्थेचे संस्थापक दादासाहेब. ते वारले आणि मुलगा अध्यक्ष झाला, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी विचारलं, नाव दादासाहेबांचं देता येईल का? येईल, असं बाई म्हणाल्या. मी चिडलो. त्या म्हणाल्या, "नाव म्हणजे खुंटी असते, केमिस्ट्री. ओळख वर्णनात असते. खुंटी त्यांची झाली म्हणून काय बिघडलं? नवा मायक्रोस्कोप देणार आहेत, कॅमेऱ्यासकट."

शोधनिबंध छापून आला. सत्कार झाला. मांडव, बॅण्ड, शाल, श्रीफळ. बॅनरवर दादासाहेबांचा फोटो होता, जीवाश्माचा नव्हता. भाऊसाहेबांनी व्यासपीठावर बाईंना विचारलं, "केवढा असतो हो हा?" बाई म्हणाल्या, "टाचणीच्या डोक्यावर शे-दोनशे मावतील." भाऊसाहेबांचा चेहरा पडला. तरी भाषणात ते म्हणालेच, की दादासाहेबांचं नाव आता पृथ्वीच्या पोटात कोरलं गेलं आहे. मायक्रोस्कोप पुढच्या वर्षावर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या पुढच्या वर्षावर गेला.

एका संध्याकाळी मी प्रयोगशाळेत आलो तर बाई कपाटासमोर स्टुलावर बसल्या होत्या. हातमोजे काढलेले, हात मांडीवर. मला वाटलं भाजलं. धावत नळाकडे निघालो.

"भाजलं नाय," त्या म्हणाल्या. "बसा. बिरडं कसं करतात माहीत आहे ना?"

मी कोलाडचा. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि बिरडं करायचं, हे मला कोण सांगणार!

"सोललेला वाल एखाद्या परदेशातल्या माणसाच्या हातावर ठेवला तर तो ओळखेल? म्हणेल, वालाला साल असते, याला नाही. म्हणजे हे वेगळं कडधान्य. मी तेच केलं. बिरड्याला नवीन कडधान्य म्हटलं."

झालं होतं असं. पहिल्या वेळचा गाळ फार काळा होता म्हणून बाईंनी तो नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये जास्त वेळ ठेवला होता. त्या कवचाला दोन आवरणं असतात, आत जाड आणि बाहेर पातळ. शिंगं असतात ती बाहेरच्या पातळ आवरणाला. ते आवरण अ‍ॅसिडने खाल्लं आणि आतली पिशवी उरली. आता त्याच दगडाचा दुसरा तुकडा त्यांनी हलक्या हाताने केला होता, तर अर्धं आवरण चिकटलेले नमुने निघाले. एका बाजूने शिंगवाली, फार पूर्वी कोणीतरी नाव दिलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली प्रजाती. दुसऱ्या बाजूने बाईंची. नवीन काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "कोण बघतंय?"

"पुढचा बघेल ना. तो माझं वर्णन हातात घेऊन दगडाचं वय सांगेल आणि चुकेल. आणि त्याला कळणारसुद्धा नाय की तो माझ्यामुळे चुकला."

"तो कुठला कोण. तुमचं डिपार्टमेंट या एका नावावर उभं आहे."

"व्हय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच बसलेय इथे दुपारपासून."

एवढंच. रडल्या नाहीत. पण त्या बाईला मी स्टुलावर रिकाम्या हाताने बसलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती.

चूक दुरुस्त करणारा निबंध लिहिण्याआधी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, आणि हा मला त्यांचा अतिशहाणपणा वाटला. न सांगता छापला असता तर भाऊसाहेबांना सात जन्म पत्ता लागला नसता. पण ज्याचं नाव आहे त्याच्या घरच्यांना आधी सांगायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्य घाबरले. भाऊसाहेबांकडे बैठक ठरली आणि 'तुमचं ऐकतात, समजवा' म्हणून मलाही नेलं. मी काय समजावणार? मी तोंड शिवून बसलो होतो, ते बरंच झालं, नाहीतर मीच भांडलो असतो.

भाऊसाहेब आधी गोड बोलले. "मॅडम, चूक झाली म्हणता. माणूस आहे, होते. मग गप्प राहायचं. आम्ही काय ओरडतोय का?"

"छापून चूक केली, छापूनच दुरुस्त करायला पाहिजे."

"म्हणजे दादासाहेबांचं नाव काढणार?"

"नाव निघत नाही, साहेब. एकदा छापलं की कायमचं राहतं. फक्त जे नाव आधीचं ते वर राहतं आणि हे त्याच्या खाली लिहितात."

"खाली?"

"हो."

"दादासाहेब हयातीत कोणाच्या खाली राहिले नाहीत."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. बाईंनी अत्यंत समजुतीच्या आवाजात, चिंचोक्याच्या तासाला बोलायच्या तसंच, सांगितलं, "साहेब, हे दादासाहेब नाहीत. ही एक सोललेली पिशवी आहे."

त्यानंतर भाऊसाहेब गोड बोलले नाहीत. मायक्रोस्कोप मंजूर करून ठेवलाय, म्हणाले, विद्यार्थी नसताना डिपार्टमेंट चालवतोय, ते कोणाच्या जिवावर याचा विचार करा. बाईंनी पर्स उचलली. "विचार झालाय. नाय म्हंजे नाय."

त्यांनी निबंध लिहिला. जेमतेम दोन पानं. माझी प्रजाती ही प्रजाती नाही, अ‍ॅसिडने आवरण गेलेला अमुक प्रजातीचा आतला भाग आहे, चूक माझ्या प्रक्रियेची आहे. ती पानं मी वाचली आहेत. त्यात एक विशेषण नाही, एक सबब नाही. मी बऱ्याच विद्वानांचं लिखाण वाचलं, स्वतःला चुकीचं ठरवताना इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरं पाहिलं नाही.

जगात काही झालं नाही. कुठल्यातरी जाडजूड सूचीत एक नाव दुसऱ्याच्या खाली गेलं. रोह्यात मात्र पुढच्या जूनच्या माहितीपुस्तकात जिऑलॉजी नव्हती. विचारलं तर म्हणे विद्यार्थी येत नाहीत. माहितीपुस्तकात विषयच नाही तर विद्यार्थी काय आभाळातून पडणार? खोली स्पर्धापरीक्षा केंद्राला गेली. नाव ज्या नमुन्यावर दिलं तो बाईंनी आधीच एका संस्थेच्या संग्रहालयात दिला होता, म्हणून तो वाचला. बाकीच्या काचपट्ट्यांचे खोके निवृत्तीने आपल्या घरी माळ्यावर नेऊन ठेवले. दगडांची पोती मात्र नव्या पार्किंगच्या भरावात ओतली. बाई खिडकीतून ते बघत होत्या. म्हणाल्या, "पुढे कोणी इथे खणलं तर लिहील, रोह्यात समुद्र होता. आणि चुकेल बिचारा." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

बाईंना कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला पर्यावरण शिकवायला दिलं. त्या तासाला हजेरी लागत नाही, म्हणून मुलं येत नाहीत. बाई मात्र घंटा झाली की जायच्या आणि घंटा झाली की यायच्या. आणि स्टाफरूम? ज्यांनी बोंबलाची चटणी बोटं चाटून खाल्ली, ते बाई आल्या की पेपर तोंडासमोर धरायचे. मराठी म्हणाले, "कशाला नसती उठाठेव करायची?" मॅथ्स म्हणाले, त्यांना प्रसिद्धी हवी होती. स्वतःची चूक जगजाहीर करून प्रसिद्धी! मला त्या सगळ्यांचा अजून राग येतो, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. बाईंनी एकच केलं. त्या सगळ्यांना रीतसर 'सर' आणि 'मॅडम' म्हणू लागल्या. मी तेवढा केमिस्ट्री राहिलो.

वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमच्याकडे बदली होऊन गेलेल्या कारकुनालाही शाल देतात. बाईंना दिली नाही. निवृत्ती शिपायाने स्टेशनपर्यंत त्यांची पिशवी नेली, तेवढाच निरोप.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. पेन्शनचा कुठलातरी कागद अडला होता म्हणून त्या पेणहून आल्या होत्या. ऑफिसने नेहमीप्रमाणे "पुढच्या आठवड्यात या" सांगितलं होतं. केस पांढरे झाले होते, चाल तीच. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघालो. आता नवी इमारत आहे, बाहेर पडायचं तर मोठ्या दालनातूनच जावं लागतं. कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती यायची होती, म्हणून सगळीकडे रंगाचा वास. दालनात भिंतीवर, मागे दिवा लावलेल्या चौकटीत, माणसापेक्षा मोठं चित्र लटकत होतं. बाईंचं कवच. खाली सोनेरी अक्षरांत दादासाहेबांच्या नावाची प्रजाती.

तिथे आमच्याकडची एक नवी लेक्चरर उभी होती, कंत्राटावरची, हातात कागद. समितीला इमारत दाखवायचं काम तिच्याकडे होतं. ती मला ओळखते, बाईंना नाही.

"सर, या पाहुण्या का? मग मी जरा प्रॅक्टिस करते हं," ती म्हणाली आणि हात चित्राकडे नेत सुरू झाली. "हा प्राचीन समुद्रातला सूक्ष्म जीवाश्म. आमच्या संस्थेचे संस्थापक दादासाहेब यांनी अथक संशोधन करून तो शोधला, म्हणून त्याला त्यांचं नाव देण्यात आलं आहे. जगात ही प्रजाती फक्त आमच्या कॉलेजची आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"हे उलटं लावलंय गो."

"हो? पण गोलच तर आहे, मॅडम."

"गोल नाही. हा झरोका बघ. तो वर पाहिजे. इथून तो जीव बाहेर पडतो."

पोरगी चांगली होती. वाकून, मान तिरकी करून तिने नीट पाहिलं. "अय्या, खरंच. थँक्यू मॅडम, मी सांगते त्यांना. बाकी सगळं बरोबर आहे ना?"

बाईंनी तिच्या हातातला कागद पाहिला. "पाठ छान केलंयस," म्हणाल्या.

बाहेर आल्यावर माझा बांध फुटला. म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही तिला? दादासाहेब म्हणे! त्या माणसाला चिखल आणि दगड यांतला फरक कळत नव्हता. तुम्ही शोधलंत म्हणून तोंडावर सांगायचं होतं."

"काय शोधलं मी?" बाईंनी विचारलं. त्या चालायच्या थांबल्या होत्या. "अशी प्रजातीच नाही, हे मीच छापून आणलं ना? मग जी नाहीच, ती माझी हाय म्हणून भांडू?"

स्टेशनकडे जाणारी रिक्षा आली. बाई आत बसल्या, पदर चाकात जाऊ नये म्हणून ओढून घेतला, आणि गेल्या.